सुरी कोणाच्या हाती

सेवेतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक मात्र वेगळे उरले, कारण त्यात गुन्हा घडलाच नव्हता.

माझे वडील रत्नागिरीहून बहरीनला आले. मी इथल्या पोलीस दलात दुभाषा म्हणून लागलो आणि तपास विभागातून निवृत्त झालो. कोकणातली माणसे ठाण्यावर आली की मला बोलावणे येई.

त्या दिवशी सकाळची ड्युटी नुकतीच बदलली होती. सनद नावाच्या वस्तीत राहणारी एक बाई टॅक्सीने आली होती. भावाविरुद्ध बोलायला आलेली बाई भावाचे नाव शेवटपर्यंत घेत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. ही बाईही आधी नवऱ्याच्या तब्येतीचे सांगत राहिली. मग म्हणाली, "साहेब, दोघं आफ्रिकेला शिकारीला चाललेत. माझा भाऊ नि माझा नवरा. नवरा परत नाही यायचा."

"भांडण आहे?"

"भांडण असतं तर बरं झालं असतं. सलामाशिवाय शब्द नाही दोघांत. भाच्याच्या मयतीपासून."

भाचा म्हणजे या भावाचा एकुलता मुलगा. गाडी तिचा नवरा चालवत होता आणि मुलगा शेजारच्या सीटवर होता. टायर फुटून गाडी दुभाजकावर गेली. चालकाचा दोष नव्हता, असा निष्कर्ष त्या तपासात निघाला होता. नवऱ्याच्या डाव्या पायात डॉक्टरांना सळई बसवावी लागली, चाल लंगडी झाली. त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही. कंपनीच्या बसने जायचा.

"भावावर संशय कशावरून?"

"फोनवर बोलताना ऐकलं. जनावर पडलं की दुल्हाभाई सुरी घेऊन पुढे जातील, असं म्हणत होता. दुल्हाभाई म्हणजे माझा नवराच."

याचा अर्थ मला लगेच कळला. कोकणातल्या आमच्या जुन्या शिकारीत एकाकडे बंदूक असे आणि दुसऱ्याकडे सुरी. सांबर पडले की सुरीवाल्याने धावत जायचे आणि जीव असेपर्यंत बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरी फिरवायची. उशीर झाला तर मांस हलाल नाही, सगळी मेहनत वाया. तिकडे ही शिकार कायद्याने कधीच बंद झाली. आफ्रिकेत परवाना घेऊन करता येते, म्हणून ही सहल. पण तिथले जनावर सांबर नव्हते. त्यांनी रानरेडा ठरवला होता. जखमी रानरेडा झुडपात पडून राहतो आणि जवळ जाणाऱ्यावर उलटतो. त्याच्याकडे लगेच धावणारा माणूस एकीकडून शिंगांच्या आणि दुसरीकडून बंदुकीच्या तोंडी असतो. परदेशात, शिकारीत, असा मृत्यू झाला तर कोणी चौकशीही फार करत नाही.

दोघांना चौकशीला बोलावले आणि वेगळ्या खोल्यांत बसवले. भावाचे अदलिया भागात एसी दुरुस्तीचे दुकान होते. आल्या आल्या म्हणाला, "आफ्रिकेत जनावर मारायला परवानगी आहे. इथं नुसतं बोलायलाही बंदी झाली काय?"

त्याने स्वतःहून फोन पुढे केला. शिकार ठरवणाऱ्या माणसाचे निरोप त्यात होते. वाटाड्याने खात्री केल्याशिवाय पडलेल्या जनावराजवळ कोणी जायचे नाही, असे त्याने वारंवार बजावले होते. भावाचे उत्तर प्रत्येक वेळी एकच होते: आमची रीत आहे, आमचा माणूस जाईल.

"धोका माहीत असून मेहुण्याला पुढे पाठवणार होतात?"

"मी नाही पाठवत. सुरी त्यानंच मागून घेतली."

सगळे संशयित असेच म्हणतात. मी शेजारच्या खोलीत गेलो. नवरा पाय लांब करून बसला होता. चहाला हात लावला नव्हता.

"गावी शिकारीला जायचात?"

"जायचो ना. आज्याची ठासणीची बंदूक होती. ती माझ्याकडेच."

"आणि सुरी?"

"ती पळणाऱ्याकडं. एखाद्या चपळ पोराकडं."

"मग या पायाने तुम्ही कसे पळणार होतात?"

त्याने लांब केलेला पाय हाताने जवळ ओढला. उत्तराची घाई मी केली नाही. चौकशीत घाई केली की माणूस सोपे उत्तर देतो.

"पळायचं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "पोचायचं होतं नुसतं. भाईजानची गोळी लागली असती तर हिशेब मिटला असता. रेड्यानं घेतलं असतं तरी मिटला असता. त्यानं एकदा आईवरून शिवी दिली असती ना, तरी मी जगलो असतो. त्यानं कबरस्तानात माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून उतरलेला नाही."

मी परत भावाकडे गेलो. मेहुणा काय बोलला ते जसेच्या तसे सांगितले. या वेळी त्याने टोमणा मारला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सुरी मागितली तेव्हा कळलं. लंगडा माणूस सुरी कशाला मागेल? मी हो म्हटलं."

"का?"

"मी बंदूक वर करणार नव्हतो, साहेब, कसम. पण त्याला मागे ये असंही म्हणणार नव्हतो."

संशयितांना तक्रारदारासमोर बसवू नये, असा ठाण्याचा शिरस्ता आहे. मी तो मोडला आणि दोघांना एका खोलीत आणले. बाई आत आली आणि दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, भावाकडेही नाही.

"पोराला माझ्या हातानं पण घास भरवलाय," ती म्हणाली. "तुमच्या दोघांचंच दुःख आहे काय ते? पुढची मयत कोणाची काढायची, ते मला विचारून ठरवा."

भावाने फोन उचलला आणि आमच्यासमोरच शिकार रद्द केली. पलीकडचा माणूस कारण विचारत असावा. "खलास," तो म्हणाला, "आमच्याकडे सुरीवाला नाही."

दोघांकडून लेखी हमी घेतली. नवऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचे, हे बाईने माझ्यासमोर भावाकडून कबूल करून घेतले. नोंद करताना कलम कोणते लावायचे, असे शिपायाने विचारले. मी म्हटले, कोणतेच नाही.

कटात एक मारणारा असतो आणि एक मरणारा, हे धरून मी तपास सुरू केला होता. इथे एकाने मरायचे ठरवले होते आणि दुसऱ्याने नुसते गप्प राहायचे. गप्प राहण्याला कायद्यात कलम नाही. त्यानंतर चौकशीत मी एक प्रश्न वाढवला: तुम्ही त्याला काय बोलला नाहीत?

ती तिघे फाटकाबाहेर गेली तेव्हा मी खिडकीशी होतो. भावाची गाडी समोरच उभी होती. त्याने खिशातून किल्ली काढली आणि मेहुण्यापुढे धरली. मेहुण्याने नकारार्थी मान हलवली. भावाने हात मागे घेतला नाही. काय बोलला ते मला ऐकू आले नाही. शेवटी किल्ली मेहुण्याच्या हातात गेली. बाई मागे बसली. भाऊ गाडीला वळसा घालून चालकाशेजारच्या सीटवर बसला, आणि त्याने दार ओढून घेतले.