उभ्यानं काढलेली तीन वर्षं

मी गणित शिकवते. आमची शाळा रिछाईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि तिथले आठवी ते दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. शिक्षिका दिवसभर उभीच असते, त्यामुळे मी बसत नाही हे शाळेत बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. घरी पहिल्याच आठवड्यात आलं, कारण मी ओट्याशी उभी राहून जेवायला लागले होते.

"काहून उभ्यानं जेवून राहिली?" सासूबाईंनी विचारलं. "गाडी सुटून राहिली का तुझी?"

"बसलं की दुखतं, आई."

"कंबर?"

कंबर नव्हती, पण दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. पुढची दोन वर्षं सगळ्यांना मी हेच सांगत राहिले, आणि सगळ्यांनी कंबरेचेच उपाय केले.

दुखत होतं ते कंबरेच्या बरंच खाली, माकडहाडाच्या थोडं वर. सुरुवात झाली ती महाराजपूरला घरी येताना, स्कूटीवर. रोजच्याच गतिरोधकावरून गाडी गेली आणि पाठीच्या अगदी शेवटाशी काहीतरी चमकलं. घरी येईपर्यंत तिथं निखारा ठेवल्यासारखं झालं. आडवी पडले की पंधरा मिनिटांत शांत व्हायचं, बसले की परत सुरू. महिन्याभरात ती आग डाव्या मांडीच्या मागून तळपायापर्यंत उतरली. मग स्कूटी सुटली, सिनेमा सुटला, लग्नाच्या पंगती सुटल्या. ऑटोत मी एका कुशीवर रेलून, हातानं दांडा धरून अर्धवट लोंबकळत जायचे. ऑटोवाला आरशात बघून म्हणायचा, "दीदी, ठीक से बैठ जाइए." ठीक बसणं तेवढंच मला जमत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी मणक्याची गादी सरकली असेल म्हणून पट्टा दिला. पट्ट्यानं दुखणं वाढलं. दुसऱ्यांनी एमआरआय करायला लावला, फिल्म उजेडावर धरून वरचे मणके बघितले आणि म्हणाले, "कुछ खास नहीं है." रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी, नसांच्या मुळांवर, पाण्यानं भरलेल्या दोन पिशव्या आहेत, असं तिथं लिहिलं होतं. सिस्ट. मी बोट ठेवून दाखवलं.

"ये तो बहुतों को मिल जाते हैं," डॉक्टर म्हणाले. "इनसे दर्द नहीं होता."

तिसऱ्या डॉक्टरांनी घरचं वातावरण कसं आहे ते विचारलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी मला वर्गात फळ्यासमोर उभ्याउभ्या पेंग यायला लागली. एकदा मी एकच उदाहरण दोनदा सोडवलं. मुलं नुसती एकमेकांकडे बघत राहिली. त्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या.

मग माझा नवरा मला मझौलीला एका हाडवैद्याकडे घेऊन गेला. नवरा फॅक्टरीत मोजमाप तपासणीच्या कामावर आहे. बिघाड आहे म्हणजे तो सापडणारच, यावर त्याचा विश्वास. तो हाडवैद्य साठीचा माणूस होता. बाजारामागच्या ओसरीवर त्यानं मला पालथं निजवलं, तेल न लावताच दोन बोटांनी पाठ चाचपत खाली आला आणि त्या जागेवर थांबला. नुसता अंगठा टेकवला तरी माझ्या तोंडून आवाज निघाला. त्यानं लगेच हात काढून घेतला.

"दीदी, ये हड्डी का काम नहीं है," तो म्हणाला. "नस का है. यहाँ किसी को दबाने मत देना, मुझे भी नहीं."

जाताना नवरा पैसे ठेवायला लागला तर त्यानं हात जोडले. काम केलंच नाही, म्हणाला. एवढ्या सगळ्या तपासण्यांत मला खरं बोलणारा भेटलेला तो पहिला माणूस.

घरात मात्र अवघड झालं होतं. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. आमची मराठी घराणी इथं हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण त्यांचं माहेर नागपूरकडचं, आणि काम टाळणाऱ्या बाईचा त्यांना तिटकारा. त्या तोंडावर काही बोलत नसत. पण मी पोळ्या लाटून झाल्यावर जाऊन पडले, की भांडी जरा जोरात वाजायची. नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले तेव्हा नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनींना आमच्यात बसणं जमत नाही." सासूबाई तिथंच होत्या. त्यांनी ऐकलं आणि ताटाकडे बघत राहिल्या. त्यांचं ते न बोलणं मला नणंदेच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं.

सहामाही परीक्षेचे पेपर घरी आणले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारी मी जमिनीवर सतरंजी टाकून पालथी पडले होते. कोपरांवर भार देऊन पेपर तपासत होते. आग वाढली की गाल सतरंजीवर टेकायचा, कमी झाली की पुन्हा मान वर करून लिहायचं. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. दारात सासूबाई उभ्या होत्या हे मला फार उशिरा कळलं.

त्या हळूहळू खाली बसल्या. गुडघ्यांचा त्यांनाही त्रास. माझ्या हातातली उत्तरपत्रिका घेतली आणि चष्मा पुसला.

"बेरीज मी करते," त्या म्हणाल्या. "तू फक्त बरोबर-चूक बघ."

त्या दुपारी आम्ही बावीस पेपर संपवले. त्या मॅट्रिक झालेल्या, बेरीज तोंडी करायच्या आणि मग बोटांवर तपासून घ्यायच्या. मधेच म्हणाल्या, "पडलीस की कमी होतं तुझं. बसलीस की येतं. खोकलीस की जास्त येतं, मी पाहिलं. कंबरेचं दुखणं असं नसते. माझं होतं न, मला माहीत आहे."

मी मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते.

त्या बोलण्यानं मला एक सुचलं. मी आलेखाची वही काढली. आडव्या रेषेवर मिनिटं, उभ्या रेषेवर दुखणं, शून्य ते दहा. रोज एकदा घड्याळ लावून खुर्चीवर बसायचं आणि किती मिनिटांनी काय होतं ते टिंबांनी मांडायचं. तीन आठवडे मी हे केलं. सासूबाई घड्याळ धरायच्या. "चलो, झाले अकरा. ऊठ आता," म्हणायच्या. सगळे आलेख एकसारखे आले. चौथ्या मिनिटाला सुरुवात, अकराव्या-बाराव्याला सहन न होणं, आणि पडल्यावर तेवढ्याच वेळात उतार. मनाचं दुखणं इतकं शिस्तीचं नसतं, हे मला तेव्हा पटलं. तोपर्यंत, खरं सांगते, मलाही आपण नाटक करतोय का अशी शंका यायला लागली होती.

नागपूरला माझी चुलत बहीण राहते. तिनं चौकशी करून एका डॉक्टरांचा पत्ता काढला. ते मणक्यात सुई घालून उपचार करायचे. नवऱ्यानं रजा टाकली. गाडीच्या मागच्या सीटवर गादी घालून मी आडवी, पुढे गाडी चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी सासूबाई. "आई, तुम्ही कशाला येता एवढ्या लांब?" मी म्हटलं होतं. त्यांनी डबा भरायला घेतला. शिवनीच्या पुढे जंगल लागतं, तिथं मला काचेतून फक्त सागाचे शेंडे पळताना दिसत होते. सासूबाई अधूनमधून मागे न बघताच सांगायच्या, आता पूल आला, आता माकडं बसली आहेत.

डॉक्टर पन्नाशीचे होते आणि मराठी बोलत होते. मी आत गेले, त्यांनी खुर्चीकडे हात केला, मग माझ्याकडे नीट पाहिलं. मी सवयीप्रमाणे डाव्या पायावरचा भार काढून, टेबलाच्या कडेला तळवे टेकून उभी होते.

"राहू द्या, बसू नका," ते म्हणाले. "उभ्यानंच सांगा. नाहीतर त्या तपासणीच्या पलंगावर पडा आणि सांगा, मला चालेल."

तीन वर्षं मी सगळ्यांना हेच पटवायला बघत होते आणि या माणसानं मी तोंड उघडायच्या आधीच ते मान्य केलं होतं. मग सासूबाईच बोलल्या. कधी येतं, कशानं येतं, खोकल्याचं, ऑटोचं, सगळं ओळीनं सांगितलं. मी आलेखाची वही पुढे केली. त्यांनी ती फिल्मच्या आधी पाहिली, पान न् पान.

"या पिशव्या बहुतेकांना त्रास देत नाहीत हे खरं आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या देत असाव्यात. बसल्यावर, खोकल्यावर आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि नस चेपते. खात्री करून घेऊ. सुईनं मोठ्या पिशवीतलं पाणी काढतो. दुखणं थांबलं तर चोर सापडला. पाणी पुन्हा भरेल, हे आधीच सांगून ठेवतो. हा उपाय नाही, फक्त परीक्षा."

परीक्षा हा शब्द मला बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅनच्या मशीनमध्ये मला पालथं निजवलं आणि ती जागा बधिर केली. सुई आत जाताना पायात एकदा वीज गेल्यासारखं झालं, मग काहीच नाही. नर्सनं नंतर मला छोटी नळी दाखवली. आत स्वच्छ पाणी होतं, विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. एवढ्याशा पाण्यानं तीन वर्षं नेली.

दोन तास पडून राहायला सांगितलं. त्यानंतर डॉक्टर आले आणि म्हणाले, "आता बसून बघा."

बाहेर भिंतीशी निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मी एका खुर्चीच्या कडेवर टेकले. मग थोडी मागे सरकले. मग पाठ टेकवली. सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ वर केलं. चार मिनिटं झाली, अकरा झाली. नवरा समोर उभा होता. वीस मिनिटं झाल्यावर तो म्हणाला, "चहा आणू का?" आणि आम्ही तिघांनी ओळीनं बसून चहा घेतला. चाळीस मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं, आता मलाच बसवून नाही राहिलं," आणि मी हसायला लागले. हसता हसता रडले. येणारेजाणारे काहीतरी वाईट झालं असं समजून मान खाली घालून जात होते.

नऊ दिवसांनी दुखणं परत आलं, सांगितल्याप्रमाणे. पण ते वेगळं दुखणं होतं. आता त्याचा पत्ता ठाऊक होता.

खऱ्या उपचाराचे दोन रस्ते होते. एक मोठं ऑपरेशन. दुसरा, पिशवीतलं पाणी काढून तिथं रक्तातल्या घटकांपासून केलेला चिकट द्राव भरायचा, म्हणजे पुन्हा पाणी शिरत नाही. डॉक्टर म्हणाले, खात्री देत नाही, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि नसेला इजा होण्याची थोडी भीती असते. नवऱ्यानं मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी दुसरा रस्ता म्हटलं. तो म्हणाला, "मग तोच." बस, एवढीच चर्चा झाली.

दीड महिन्यानं ते झालं. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. दुखणं आधीपेक्षाही वाढलं, पायाला मुंग्या येत. मी उशीत तोंड खुपसून पडून असायचे आणि वाटायचं, आपण चुकलो. सासूबाई रोज येऊन एकच विचारायच्या, "कालइतकंच का?" मी हो म्हणायचे. अकराव्या दिवशी थोडा विचार करून म्हटलं, "नाही. कालइतकं नाही." त्यांनी "अच्छा" एवढंच म्हटलं आणि खिचडी टाकायला गेल्या.

तिथून उतार लागला, पण सरळ रेषेत नाही. चार दिवस बरे, दोन वाईट, मग सहा बरे. तीन महिन्यांनी मी जेवायला टेबलाशी बसले. पाचव्या महिन्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये सबंध बैठक बसून काढली. बैठक कंटाळवाणी होती, तरी मला संपू नये असं वाटत होतं. नणंद दिवाळीला आली, माझ्या शेजारी पाटावर बसली आणि फराळाचं ताट पुढे करत हळूच म्हणाली, "वहिनी, मला तेव्हा कळलं नव्हतं." मी तिला शंकरपाळे वाढले.

पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. थंडीत जागा ठणकते. स्टाफरूमच्या खुर्चीत मधे भोक असलेली उशी लागते, लांबच्या प्रवासात दर तासाला उतरून चालावं लागतं, आणि स्कूटीवर मी अजून फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार दुखण्याचा नसतो. कधीकधी दुपार होते आणि लक्षात येतं, आज अजून त्याची आठवणच आली नाही.

परवा तपासणीसाठी पुन्हा नागपूरला गेलो. डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावली. मोठी पिशवी सुकलेल्या चिंचोक्याएवढी दिसत होती.

"आता वर्षानं या," ते म्हणाले. मग विचारलं, "आधी जमत नव्हतं असं काय करता आता?"

मी विचार केला. मोठं काही आठवेना.

"पेपर तपासते," मी म्हटलं. "खुर्चीत बसून."

"बेरीज अजून मीच करते," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या चुका होतात."

डॉक्टर हसले आणि त्यांनी फिल्म पाकिटात घालून नवऱ्याच्या हातात दिली.