एका उन्हाळ्याचा बँड

इथे परदेशात आमचं घर तापवणारा बॉयलर दुरुस्त करायला येणारा गोरा माणूस तरुणपणी एका पॉप बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँड एका उन्हाळ्यात निघाला आणि त्याच उन्हाळ्यात फुटला. का फुटला, ते तो दर वेळी वेगळं सांगतो. कधी गिटारवाल्याच्या आईमुळे, कधी एकाच टोपीवर तिघांचा डोळा होता म्हणून. बोलताना पान्याने पाइपवर ताल धरतो.

"आमचं गाणं ऐकलंयस ना, मेट?" असं त्याने पहिल्याच भेटीत जुन्या दोस्तासारखं विचारलं, तेव्हा मी भिडेखातर हो म्हणालो. पुढे दर हिवाळ्यात होच म्हणत राहिलो. ते खोटं मला फार टोचायचं.

या जानेवारीत बॉयलर अर्धा खोलून तो म्हणाला, "मग गुणगुणून दाखव की."

बायको शाल लपेटत मराठीत पुटपुटली, "अहो, गा काहीतरी! हा रुसून गेला तर गारठून मरू."

घाबरून मी गणपतीच्या आरतीची चाल धरली. शेवटच्या कडव्याला आपण मंडळात लय पळवतो, तशी पळवलीही. त्याचा पाना बरोबरीने पळाला.

"हे आमचं गाणं नाही, मेट."

माझे कान तापले. तो बॉयलरकडे वळला.

"हे आमचं असतं, तर दोन उन्हाळे टिकलो असतो."