काळ्या खिडकीतली ओळ

लेकीची नोकरीची मुलाखत घरातूनच, कॉम्प्युटरवर चालली होती. मी दाराआड उभी होते. मधेच वायफाय गेलं आणि समोरचे साहेब बोलता बोलता थिजले. लेकीने पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली. त्या ओळीने कॉम्प्युटर एक नेट सोडून दुसरं धरतो. दुसरं नेट म्हणजे माझा मोबाइल.

"आई, फोन आला तर लगेच काप. नाहीतर नेट थांबते."

साहेब पुन्हा बोलू लागले आणि हातातला मोबाइल थरथरला. भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा फोन. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नापासून मी त्यांच्याशी सरळ बोललेली नाही. त्यांचा फोन कापायचा कसा? तेवढ्यात साहेबांचं तोंड पुन्हा उघडंच राहिलं. मी डोळे मिटून लाल बटण दाबलं.

मुलाखत पुरी झाली. संध्याकाळी भासरे सिहोऱ्याहून आले आणि अंगणातूनच लेकीला म्हणाले, "तुह्या मायले विचार, मोठ्या माणसाचा फोन कापाले कधीपासून शिकली?"

लेक निरोप द्यायला माझ्याकडे वळली.

"आजपासून," मी सरळ त्यांनाच म्हणाले. "पोरीचं नेट माझ्या मोबाइलवर होतं."

ते खाटेवर बसले. "मंग मायले चहा ठेव म्हण," ते लेकीला म्हणाले.