अल्विनचा नेम

अल्विन पॅस्को पवनचक्क्या दुरुस्त करायचा. आमच्या पठारावर मेंढ्यांच्या कुरणात पाण्यासाठी उंच लोखंडी चक्क्या उभ्या असतात. एखादी कुरकुरायला लागली की लोक त्याला फोन करायचे. तो वर चढायचा, वाऱ्यात एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने बोल्ट पिळायचा आणि खाली उतरून "झालं" एवढंच म्हणायचा. माझी बायको उना आणि त्याची बायको ईनिड या सख्ख्या बहिणी. ईनिड वारल्यापासून तो रविवारी आमच्याकडेच जेवायचा.

चक्की आणि बंदूक, या दोन्हींत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नेमबाजीच्या क्लबात उना त्याला अधूनमधून हरवायची, पण तेवढंच. काडतुसं तो स्वतः भरायचा. शेडमध्ये रेडिओ लावून बसायचा. उडवलेली रिकामी काडतुसं पुसायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि शेवटी वरून गोळी दाबायची. "दुकानातली काडतुसं सगळ्यांच्या बंदुकीत चालतात," तो म्हणायचा, "म्हणजे कुणाच्याच बंदुकीत नीट चालत नाहीत."

त्या वर्षी कोकरं जन्मायच्या दिवसांत एक रानटी कुत्रा डूगल फिनलेसनच्या कळपात शिरायला लागला. मारून खायचा थोडी, फाडून टाकायचा जास्त. डूगलने अर्थातच अल्विनला बोलावलं. कुत्रा पहाटे उतारावर दिसला. अंतर फार नव्हतं, बंदूक कुंपणाच्या खांबावर टेकवलेली. अल्विनने गोळी झाडली आणि कुत्र्याच्या पाठीवरून लांब कुठेतरी माती उडाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. डूगलने रागावण्याऐवजी थर्मासमधला चहा ओतून कप पुढे केला. अल्विनला तेच जास्त लागलं.

मग तो क्लबात यायचा बंद झाला. गुडघा दुखतोय असं सांगून त्याने चक्कीची दोन कामं नाकारली. रविवारी जेवायला यायचा, पण कप दोन्ही हातांनी धरायचा आणि एरवी हात टेबलाखाली ठेवायचा. अल्विनच्या वडिलांना कंपवात होता, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. साठीनंतर त्यांचे हात थरथरायला लागले आणि शेवटी शेवटी अल्विनची आई त्यांना चमच्याने भरवायची. अल्विन आता त्याच वयाला आला होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, उनालाही कळत होतं, आणि आम्ही तिघं भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी घेत हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

शेवटी उनालाच राहवेना. एका सकाळी तिने मला गाडी काढायला लावली आणि आम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो.

"बंदूक काढ," ती म्हणाली.

"कशाला?"

"क्लबच्या रेंजवर जायचंय. आणि तू भरलेली काडतुसं घे."

"उना, मी आता बंदूक विकणार आहे."

"विक ना. पण गिऱ्हाइकाला दाखवायला चालवून तर बघायला हवी. मी झाडते, तू बस."

तो कुरकुरत आला. रेंजवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. उना चटईवर पालथी झाली आणि त्याच्या बंदुकीतून, त्याच्याच काडतुसांनी, सावकाश पाच गोळ्या झाडल्या. आम्ही जाऊन लक्ष्याचा कागद पाहिला, तर कोंबड्यांनी अंगण उकरावं तशी भोकं इकडेतिकडे पसरलेली. मग तिने स्वतःची बंदूक काढली. तिची पाचही भोकं एका बिस्किटाखाली झाकली असती.

अल्विन दोन्ही कागद हातात धरून किती तरी वेळ बघत राहिला.

"तू मुद्दाम चुकवलंस," तो म्हणाला.

"मी? इतक्या वर्षांत तुला एक तरी गुण फुकट दिलाय का?"

"नाही."

"मग? माझे हात ठीक आहेत. तुझी बंदूक बिघडली आहे."

तो गाडीच्या मागच्या फळीवर बसला. मी चहा ओतला. त्याने कप एका हाताने घेतला. माझ्या ते लक्षात आलं, त्याच्या आलं नसावं.

दुपारी आम्ही त्याच्या शेडमध्ये होतो. अल्विनने बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले, लाकडी दस्ता तपासला. दोन्ही घट्ट होते. मग त्याने एक रिकामं काडतूस घेतलं, टोपी नाही, दारू नाही, आणि त्याच्या तोंडात गोळी नुसती सैलसर अडकवली. ते बंदुकीत घालून नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट हलकेच लावला. नळीतल्या पिळाच्या खोबण्या जिथे सुरू होतात तिथे गोळी टेकली आणि तेवढी काडतुसात मागे सरकली. बाहेर काढून त्याने कॅलिपरने लांबी मोजली, मग नेहमीचं भरलेलं काडतूस मोजलं. पुन्हा एकदा दोन्ही मोजली.

"बापरे," तो हळूच म्हणाला. "केवढी फट पडलीय."

तापलेल्या वायूने खोबण्यांचं तोंड वर्षानुवर्षं झिजत गेलं होतं, आणि अल्विन मात्र गोळी बंदूक नवी असताना ठरवलेल्या खोलीवरच बसवत होता. आता गोळीला खोबणीत शिरण्याआधी लांब उडी मारावी लागत होती, आणि ती वाकडीतिकडी शिरत होती.

"नळी झिजते, गोळी थोडी बाहेर घ्यावी लागते, हे मला कुणी शिकवलं?" उनाने विचारलं.

"मीच."

"मग?"

"माझं बंदुकीकडे लक्षच गेलं नाही गं. मी नुसता माझ्या हातांकडे बघत होतो."

गोळी बसवायच्या साच्याचा नट घट्ट राहावा म्हणून ईनिडने त्यावर कधी तरी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. त्यानंतर तो नट कुणी हलवला नव्हता. अल्विनने खिशातला चाकू काढला आणि जरा थांबला. मग त्याने तो ठिपका खरवडला, नट सैल केला आणि साचा थोडा वर घेतला, म्हणजे गोळी कमी आत दाबली जाईल.

खोबणीच्या जवळ गेलेल्या गोळीने दाब वाढतो, म्हणून त्याने आधी दारू कमी केली. मग निरनिराळ्या खोलीवर गोळ्या बसवून थोडी थोडी काडतुसं भरली. सगळ्यात लांब काडतूस बंदुकीतल्या काडतुसांच्या पेटीत मावतं की नाही, तेही बघून घेतलं.

शनिवारी रेंजवर तो स्वतः चटईवर पालथा झाला. खोबणीला जवळजवळ टेकणाऱ्या गोळ्यांनी फारसा फरक पडला नाही. त्याहून किंचित आत बसवलेल्या जरा जवळ आल्या. आणखी किंचित आत बसवलेल्यांची तीन भोकं मात्र एकमेकांत घुसली. त्याहून आत गेल्यावर पुन्हा पांगली. त्याने मधल्याच खोलीची आणखी काडतुसं झाडली. भोकं तिथेच, एका ठिकाणी.

तो चटईवरून उठलाच नाही. कपाळ हातावर टेकवून पडून राहिला. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते मला कळेना. दोन्ही असावं.

"बाबांसारखं झालं असं वाटलं होतं," तो म्हणाला. "सकाळी उठलो की आधी हात बघायचो. बघितले की थरथरायचे."

"कुणी रोज टक लावून बघितलं तर माझेही थरथरतील," मी म्हणालो.

"डॉक्टरकडे जाऊन ये," उना म्हणाली. "आता घाबरायचं कारण नाही."

तो गेला. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बटणं लावायला लावली, वही देऊन गोल गोल रेघा काढायला लावल्या. हातांना काही झालेलं नाही, वाचायला चष्मा मात्र हवा, असं त्यांनी सांगितलं. चष्म्यावरून तो आठवडाभर कुरकुरला. ते ऐकायला आम्हाला फार बरं वाटलं.

कुत्रा त्याने डूगलच्या त्याच उतारावर टिपला. एकच गोळी लागली, जनावर जागच्या जागी पडलं. डूगलने मटणाची एक तंगडी आमच्याकडे पोचवली आणि रविवारी स्वतःही जेवायला आला.

पुढच्या महिन्यात क्लबची स्पर्धा झाली. उना पहिली आली, अल्विन दुसरा. परतताना गाडीत तो मागे बसून बडबडत होता.

"शेवटच्या गोळीला वारा फिरला. तुझ्या वेळेला नव्हता."

"होता की," उना म्हणाली. "मी झेंड्याकडे बघितलं. तू कुठे बघत होतास?"

"लक्ष्याकडे. आणखी कुठे बघणार?"

मी आरशातून मागे पाहिलं. तो तक्रार करत होता आणि दोन्ही हातांनी हवेत वाऱ्याची दिशा काढून दाखवत होता.