भोक नसलेल्या सात कुंड्या

परवा आमच्या नळाचा दिवस होता, आणि भल्या सकाळी मी बाल्कनीत अशी किंचाळले की पुंडलिकनगर जागं झालं असेल!

आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून मी सक्युलेंट, म्हणजे जाड पानांची, कमी पाण्यावर जगणारी रोपं लावलेली. क्रांती चौकाजवळून पांढऱ्याशुभ्र, चिनी मातीच्या सात कुंड्या आणल्या. खाली भोक नाही, म्हणजे खालच्या काकूंच्या वाळवणावर थेंब पडायला नको... केवढी हुशार मी!

त्यातल्या एकीत माझ्या आईचं रोप होतं. ती गेल्यावर तिच्या खिडकीतून तेवढंच आणलं होतं मी. परवा पुसायला म्हणून हात लावला, तर ते अख्खं हातातच आलं... मुळं सडलेली, खाली काळा चिखल.

माझे सासरे, आप्पा, धावत आले. हातात तांब्या! जन्म मेंढरांमागं गेलेला, सहा महिन्यांपासून आमच्याकडं आहेत. नवं पाणी आलं की पिंपातलं शिळं पाणी झाडांना घालायचं, हे काम त्यांनी आपणहून घेतलेलं. म्हणजे दर आठवड्याला सातही कुंड्या तुडुंब!

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी नको त्या आवाजात बोलले. आप्पा मान खाली घालून आत गेले.

रागारागात कुंड्या उलट्या केल्या आणि चरकले. प्रत्येकीत पाणी साचलेलं, जायला वाटच नाही. त्या निवडल्या कुणी होत्या? मीच की!

तेवढ्यात आप्पा गच्चीवरून आमचा गळका माठ घेऊन आले. आत खडे, वाळू, आणि आईच्या रोपाची चार इवली पिल्लं... तेच शिळं पाणी पिऊन टुणटुणीत!

"पानं गळाली व्हती, टाकू वाटंना, म्हून हितं वाळूत रोवली. तुझ्या आईचं हाय ना ते?"

त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं.

"उठली की आधी त्याच्याशीच बोलतीस की पोरी... म्या ऐकतो ना."

लई रडले मी. माफी मागितली, तर म्हणाले, "नाय गं, चहा ठेव."

सहा महिने हा माणूस माझं सगळं ऐकत होता. आणि जन्मभराची मेंढरं सोडून आल्यावर आप्पा कुणाशी बोलतात, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं...