तांबड्या अक्षरांतले परिच्छेद

कमलनगरच्या बसस्टँडसमोर व्यंकटचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ज्योत्स्ना तिथं दोन वर्षं जात होती, पण व्यंकटकडे तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका दुपारी, त्यानं टाइप करता करता हात उचलले तेव्हा. तोवर तिच्या लेखी तो दहा बोटं आणि एक पाठ होता.

"अक्का, एक विचारू का?"

"विचारा की."

"'बापाचे मौन हे मुलाच्या भयाचे उगमस्थान होय', असं लिहिलंय तुम्ही. हे तुम्हाला पटलंय, का पुस्तकात हाय म्हणून?"

ज्योत्स्ना गोंधळली. बाजूच्या बाकावर वीरभद्रप्पा बसले होते. ते निवृत्त तलाठी. गावात कुणाचाही अर्ज असो, सोबत हेच यायचे. ते म्हणाले, "व्यंकट, आधी माझा अर्ज काढ. बाप काय पळून जात न्हाई."

व्यंकट हसला, त्यानं मान खाली घातली आणि बोटं पुन्हा चालू केली. पण घरी जाताना जीपमध्ये ज्योत्स्ना त्याच वाक्याशी अडून बसली. पटलंय का? तिनं स्वतःला हे कधी विचारलंच नव्हतं.

ती तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि सुट्टीचे दिवस साठवून पीएच.डी. करत होती. विषय होता मराठी आत्मचरित्रांतले बाप आणि मुलगे, मनोविश्लेषणाच्या अंगानं. सहा आत्मचरित्रं तिनं निवडली होती. त्यांतले सगळे बाप अबोल होते आणि सगळी मुलं आतून धुमसणारी. मुलाचा 'मी' हा बापाशी झगडून उभा राहतो, असा तिचा सिद्धान्त होता. स्वतःच्या घरात पडताळून पाहायची सोय तिला नव्हती. तिचे वडील ज्ञानोबा पोस्टमन होते आणि घरी आले की गावभरच्या बातम्या मुलांना पुढ्यात बसवून सांगत. जेवताना सांगत, झोपताना सांगत, कधी कधी आईच म्हणायची, आता पोरांना झोपू द्या. असा बाप ज्याला मिळाला त्याला अबोल बापाची पुस्तकातूनच ओळख होणार.

व्यंकटचं शिक्षण बारावीपर्यंत. तूर-सोयाबीनची चार एकर शेती वडील राघोबा बघायचे, आणि व्यंकट हे दुकान. गाव दोन राज्यांच्या सीमेवरचं, म्हणून तिथं कन्नडमधले सरकारी अर्ज, मराठीतल्या लग्नपत्रिका आणि जिल्ह्यातल्या प्राध्यापकांचे प्रबंध एकाच कॉम्प्युटरवर निघत. न वाचता टाइप करता येतं, असं लोकांना वाटतं. त्याला तसं जमत नव्हतं. नऊ प्रबंध त्यानं टाइप केले होते आणि नऊही वाचले होते. अबोध मन, दमन, 'स्व' आणि 'पर' हे शब्द त्याच्या बोटांतून डोक्यात गेले होते, आणि तो ते आपल्या माणसांवर लावून बघायचा. त्याची एक चुलती होती. तिची धाकटी बहीण लहानपणी वारली होती. चुलतीनं तिचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही, पण गोठ्यात जन्मलेल्या प्रत्येक कालवडीला तेच नाव ठेवलं. दमन म्हणजे काय हे व्यंकटला त्या गोठ्यावरून कळलं होतं.

असं काही सुचलं की तो ते त्याच फाइलमध्ये, त्या त्या परिच्छेदाखाली, तांबड्या अक्षरांत टाइप करून ठेवायचा. कुणाला दाखवायचं नसे. छपाईच्या आधी तांबडं तेवढं काढून टाकायचा. नऊ प्रबंधांत एकदाही चुकला नाही.

दहाव्यात चुकला. ऐन लग्नसराई होती. ज्योत्स्नाला चौथं प्रकरण घेऊन उदगीरला जायचं होतं आणि जीपवाला बाहेर हॉर्न देत होता. व्यंकटनं छपाईची कळ दाबली. दुकानातल्या जुन्या प्रिंटरला काळा सोडून दुसरा रंग माहीत नव्हता. तांबडं होतं ते काळं होऊन निघालं, बाकीच्या मजकुरात मिसळलं, आणि ज्योत्स्नानं न वाचताच बाइंडिंग करून घेतलं.

तिच्या मार्गदर्शक विजयश्री मॅडम उदगीरला राहत. त्यांचा स्वभाव काटेकोर. प्रबंध कागदावरच वाचायच्या आणि पेन्सिलीनं समासात लिहायच्या. पंधरा दिवसांनी प्रकरण परत आलं. एका परिच्छेदाशेजारी मॅडमनी लिहिलं होतं, "हा तुझ्या सगळ्या कामाचा कणा आहे. इतके दिवस हे कुठं होतं?"

चार वर्षांत मॅडमकडून असं वाक्य आलं नव्हतं. ज्योत्स्ना अर्धं मिनिट मनापासून खूश झाली. मग तिनं तो परिच्छेद वाचला.

"आमच्या घरात बाप गप्प नव्हता. तो मला सोडून सगळ्यांशी बोलायचा, आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलायचा. मला ताप आला की बैलाला म्हणायचा, आज लवकर घरी जाऊ बाबा, पोरगं आजारी हाय. बैल विकले तेव्हा म्हशीशी बोलायला लागला. अशा घरातला मुलगा बापाला भितो हे खरं, पण तो सारखा कान देऊन असतो. त्याचा 'मी' दुसऱ्याला सांगितलेलं ऐकून तयार होतो. ह्या पुस्तकांतले बाप जनावरांशी, देवाशी, शेजाऱ्याशी काय बोलतात ते परत वाचायला पाहिजे. इथं फक्त मुलाशी बोललेलं धरलंय."

तिचा आधी संताप झाला. मग तिनं सहाही पुस्तकं काढली आणि रविवारभर वाचत बसली. चार पुस्तकांत तशा जागा सापडल्या. एक बाप विहिरीच्या मोटेशी बोलत होता, एक वेशीतल्या मारुतीशी. मुलानं ते शब्दन् शब्द लिहून ठेवलं होतं, पन्नास वर्षांनंतर. ज्योत्स्नानं स्वतःच त्या ओळींवर पूर्वी खुणा केल्या होत्या, आणि 'ग्रामीण तपशील' म्हणून सोडून दिल्या होत्या.

सोमवारी ती दुकानात गेली आणि प्रकरण टेबलावर ठेवलं.

"हे कुणी लिहिलंय?"

व्यंकटनं पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तांबड्यात होतं अक्का. काढायचं राहिलं. तुमचं नुकसान झालं का?"

"मॅडमना आवडलंय."

"चेष्टा करायलाव काय?"

तिनं समासातली पेन्सिल दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली. मग उठून त्यानं दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि हळूच म्हणाला, "मग असू द्या तुमच्याच नावावर. कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

एखादीनं ते तसंच ठेवलं असतं. ज्योत्स्नाच्याही मनात दोन दिवस तो विचार येऊन गेला, हे तिनं पुढं कधी लपवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी ती उदगीरला गेली आणि मॅडमना खरं सांगितलं. मॅडमनी प्रकरण पुढ्यात ओढून तो परिच्छेद पुन्हा वाचला. "मग त्याचं नाव घाल," त्या म्हणाल्या. "तळटीपेत पूर्ण नाव, गाव, व्यवसाय. त्याची लेखी संमती घे. नाही म्हणाला तर परिच्छेद काढ, आणि त्यावर पुढं काही उभं केलं असशील तर तेही काढ. वीस तारखेला प्रबंध द्यायचाय."

व्यंकट नाही म्हणाला.

"अक्का, माझ्याकडं लोक कामून येतात? हा काना-मात्रा हलवत न्हाई म्हणून. उद्या छापून आलं की टायपिस्ट मधी आपलं मत घुसडतो, तर कोण येईल? समोर दोन नवी दुकानं झालीत."

"तुम्ही घुसडलं नाहीत. चुकून राहिलं."

"ते तुम्हाला माहीत. लोकाला काय माहीत?"

"बरं. मग तुम्हीच काढा तो परिच्छेद. माझ्यासमोर."

त्यानं फाइल उघडली. परिच्छेद निवडला. अक्षरांमागं निळं झालं. एक कळ दाबायची होती. वीरभद्रप्पा बाकावरून बघत होते आणि हातातला अर्ज विसरले होते. व्यंकट म्हणाला, "उद्या करतो," आणि कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

उद्या झालं, परवा झालं. रविवारी सकाळी ज्योत्स्ना त्याच्या घरी गेली. घर शेतातच होतं. व्यंकटची आई सोजराबाई हिनं तिला ओट्यावर बसवून चहा दिला. पलीकडं गोठ्यात राघोबा धार काढत होते. व्यंकट कडब्याच्या पेंढ्या उतरवत होता. ज्योत्स्नाकडे बघून त्यानं मान डोलावली आणि काम चालूच ठेवलं.

राघोबांनी पाहुणीकडं पाहिलं नाही, मुलाकडंही नाही. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून ते बोलायला लागले.

"ऐकलीस का गं? गावातल्या समद्या लग्नात ह्यानं समद्यांची नावं छापली. मामाची छापली, मावशीच्या दिराची छापली. आता आपलं छापायचं म्हणलं तर हात कापायलाय. चोरी केलीय व्हय त्यानं? माझंच बोलणं लिवलंय. मी कुठं न्हाई म्हणलोय? हल नको. हुबी ऱ्हा."

व्यंकटच्या हातातली पेंढी तिथंच थांबली होती. त्याची पाठ गोठ्याकडं होती आणि मान किंचित वळलेली. चार वर्षं पुस्तकांत शोधलेला मुलगा ज्योत्स्नाला तेव्हा समोर दिसला.

सोजराबाई म्हणाली, "लेकाला सांगायचं ते म्हशीला सांगतंय. तीस वर्सं झाली, मी सांगून थकले."

"आणि तुम्हाला काय वाटतं, मावशी?"

"मला काय? मी तर त्याला परवाच तोंडावर सांगितलं, छाप म्हणून. माझं कुठं ऐकतंय."

व्यंकटनं पेंढी खाली ठेवली, हात झटकले आणि ओट्यापाशी आला. "छापा अक्का," तो म्हणाला. "पूर्ण नाव छापा. बापाचं नाव मधी येतंच की."

तळटीप त्यानं स्वतः टाइप केली, काळ्या अक्षरांत.

आठ महिन्यांनी विद्यापीठात मौखिक परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. व्यंकट दुकान बंद करून आला होता आणि मागच्या रांगेत बसला होता. सोबत वीरभद्रप्पाही आले होते, आणि गर्दी दिसावी म्हणून पुढच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक मोठे विद्वान होते, आणि मनातली शंका तोंडावर विचारणारे. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं.

"बाई, तुमचा सगळा युक्तिवाद एका तळटीपेवर उभा आहे. ह्या गृहस्थांचं शिक्षण काय?"

"बारावी, सर. टायपिंगचं दुकान आहे."

"घरच्या एका आठवणीवर सिद्धान्त बांधायचा? मुलानं ऐकलं हे मान्य. पण बाप मुलासाठीच बोलत होता हे कशावरून? जनावराशी सगळेच शेतकरी बोलतात."

ज्योत्स्नाकडं उत्तर होतं, चार पुस्तकांतली पानं होती. पण ती म्हणाली, "सर, ते मागं बसलेत. तुमची परवानगी असेल तर तेच सांगतील."

सभागृहातल्या माना वळल्या. व्यंकट उठला. त्यानं शर्टाचं वरचं बटन लावलं.

"सर, जनावराशी बोलायला मोठा आवाज लागत न्हाई. ते हाताखालीच असतं. आमचे अण्णा एकटे असले की म्हशीशी पुटपुटतात, तिलाच ऐकू जातं. मी अंगणात आलो की आवाज चढतो. म्हशीचे कान तेवढेच हाईत."

मग परीक्षक हसले, आणि खाली वाकून त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तो आता ज्योत्स्नाला नव्हता.

"आणि आई? ह्या पुस्तकांत आईवर एवढी पानं का नाहीत?"

व्यंकटनं थोडा विचार केला. "आई सरळ बोलती, सर. जे सरळ मिळालं ते माणूस खाऊन-पिऊन मोकळा होतो. जे कान देऊन मिळवावं लागलं ते लिहून ठेवतो. पण हे तिच्यावर अन्यायच हाय. त्याच्यावर कुणीतरी वेगळा प्रबंध लिहायला पाहिजे."

"तुम्हीच लिहा की," परीक्षक म्हणाले.

लोक हसले, पण ते हसणं त्याच्या बाजूचं होतं. वीरभद्रप्पांनी टाळी सुरू केली आणि सभागृहानं ती उचलली. पदवी जाहीर झाल्यावर विजयश्री मॅडमनी ज्योत्स्नाला शाल दिली. ज्योत्स्ना शाल घेऊन मागच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि व्यंकटला हाताला धरून पुढं घेऊन आली. फोटोत तो मधोमध आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघतोय.

दुकानाचं काय झालं ते सांगायलाच हवं, कारण त्याची भीती खोटी नव्हती. दोन प्राध्यापकांनी आपले प्रबंध समोरच्या दुकानात नेले. पण महिन्याभरात भालकीचा एक मुलगा आला आणि म्हणाला, अण्णा, माझ्यातपण तांबडं टाका. मग कडगंचीच्या विद्यापीठातली एक मुलगी दोन बस बदलून आली. व्यंकट आता प्रबंधाच्या दोन प्रती देतो, एक मजकुराची आणि एक शंकांची. शंका मान्य करायच्या की नाही ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. नवा प्रिंटर रंगीत आहे.

त्या वर्षीच्या जूनमध्ये ज्योत्स्नानं त्याचा मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. वीरभद्रप्पा अर्थातच सोबत होते, आणि जन्मतारखेच्या दाखल्यावरून त्यांनी कारकुनाशी वादही घातला. राघोबांनी म्हशीला काय सांगितलं ते व्यंकटनं कुणाला सांगितलं नाही.

व्यंकट सध्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे विषय मराठी आणि तत्त्वज्ञान. रविवारी तो उदगीरला तासाला बसतो.