सागाच्या भुशातली वांगी

भुशाची शेगडी भरत होते... मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा मुठीने ठासायचा, मग बाटली अलगद वर काढून घ्यायची. त्या सकाळी एका हाताने बाटली तशीच धरून मी गुळाच्या पुडीचा कागद वाचत बसले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरला लकडगंजात आमची भाड्याची खोली होती. हे तिथल्याच एका लाकूड चिरायच्या आरामशीनवर कामाला होते... त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मशीनवरून दर आठवड्याला शेगडीसाठी एक पोतं भुसा यायचा, तो मात्र बंद झाला नव्हता.

पुड्या उलगडून वाचायची मला सवय. शाळा चौथीत सुटली, वाचन राहिलं. तो कागद म्हणजे कुठल्याशा मासिकाचं पान होतं. मातीशिवाय, लाकडाच्या भुशात, नुसतं खताचं पाणी घालून भाजी येते, असं त्यात लिहिलं होतं. पान मधेच संपलं... पुढचं दुसऱ्या कोणाच्या गुळाला गेलं असणार.

आमच्या अंगणात फरशी होती, माती नव्हती. आणि यांनी गावाहून आणलेलं काटेरी वांग्याचं बी एका डबीत तसंच पडून होतं. गावचं शेत विकलं गेलं होतं. हे बी परत मिळणार नव्हतं.

तेलाच्या डब्याला खालून भोकं पाडली, पोत्यातला भुसा भरला, अर्धं बी पेरलं आणि खताचं पाणी घालत राहिले.

"मातीबिगर वांगे?" सासूबाई म्हणाल्या. "कागद वाचू वाचू डोस्कं फिरलं वं तुयं!"

उगवलं मात्र. दोन-दोन पानं आली, आठवडाभरात पिवळी पडली... मग एकेक करून सगळ्याच रोपांनी माना टाकल्या.

सासूबाई रागावल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी डबी उचलून देवामागे ठेवली. "आता राहू दे. माह्या लेकाच्या हातचं तेवढंच हाय."

मी बरं म्हटलं. मलाही तेच हवं होतं.

शनिवारी मशीनवरचे म्हातारे मिस्त्री पोतं घेऊन आले. यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काम केलेले. त्यांनी डब्यातला भुसा चिमटीत धरून हुंगला आणि हसायलाच लागले.

"काहून वहिनी, सागात पेरलं? अवो, सागाले वाळवी तोंड लावत नाही, तिथं तुमचं वांगं काय टिकन! मेल्यावरबी कोणाले जवळ येऊ देत नाही तो."

यांना हे माहीत असणारच. रोज त्याच भुशात माखून घरी यायचे. विचारायला ते नव्हते, एवढंच...

दोन दिवसांनी मिस्त्रींनी संत्र्याच्या मोडक्या पेट्या चिरून त्यांचा भुसा आणून दिला. या पेट्या आंब्याच्या मऊ लाकडाच्या असतात. पाण्याचा रंग जाईपर्यंत धुवा म्हणाले. उरलेलं बी आता पेरायचं नाही, असं मी सांगितलं.

"बियालेबी वय असते वहिनी," ते म्हणाले. "डबीत ठेवसान तर दोन वर्षांत तेबी जाईन."

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मिस्त्री गेले. मी भुसा धूत बसले. चौथं पाणी स्वच्छ निघालं... तेव्हा त्यांनी डबी आणून माझ्याजवळ फरशीवर ठेवली आणि आत निघून गेल्या.

मिस्त्रींचे आभार मानायचं तेव्हा मला सुचलं नाही. आज इथे लिहून मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं बी पेरलं. एकही मागे ठेवलं नाही.